पीएस५ स्लिम डिस्कवाला: ३१ जुन्या डिस्का आणि दहा हजारांची फट

दुकानात सोनीच्या प्लेस्टेशन ५ स्लिम या गेम खेळायच्या कन्सोलची (थोडक्यात पीएस५) दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली होती, एकावर ५४,९९० आणि दुसऱ्यावर ४४,९९०. आतला माल सेम. तोच प्रोसेसर, तीच गेम साठवायची १ टीबीची एसएसडी, तोच कंट्रोलर. फरक काय तर एकाला डिस्क सरकवायची फट आहे आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे दहा हजार रुपये एका फटीचे. काउंटरवरचा पोरगा मला म्हणाला, सर डिजिटल घ्या (म्हणजे बिनफटीचा, गेम नेटवरून विकत घेऊन उतरवायचे), आता डिस्क वापरतं कोण. त्याला काय माहीत, आमच्या डोंबिवलीच्या घरात गोदरेज कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, बायकोच्या पैठणीच्या पिशवीला चिकटून, माझ्या पीएस४च्या, म्हणजे याच्या आधीच्या पिढीच्या कन्सोलच्या, ३१ डिस्का आहेत आणि त्या कप्प्यावरून दर दिवाळीच्या साफसफाईला आमचं एक ठरलेलं भांडण होतं.

डिस्कवालाच घेतला. दीड वर्ष झालं आता. हा रिव्ह्यू त्या फटीचाच आहे, बाकी ग्राफिक्स कसं, कंट्रोलर हातात कसा थरथरतो, पंख्याचा आवाज येतो का (येत नाही) यावर ढिगाने लिहून झालंय, ते परत मी काय लिहू. माझा प्रश्न साधा होता. जुनं सगळं यात चालतं का, आणि चालत असेल तर ते चालणं किती दिवसांचं?

पहिल्याच रात्री मी आणि माझा लेक, वय वर्षं अकरा, दोघांनी मिळून डिस्कांची हजेरी घेतली. तो डबा उघडून डिस्क द्यायचा, मी आत सरकवायचो, स्क्रीनवर नाव आलं की तो वहीत टिकमार्क करायचा. पहिलीच डिस्क उलटी गेली. कन्सोल आडवा ठेवला तर लेबल वर, उभा ठेवला तर लेबल डावीकडे, हे लक्षात ठेवा, नाहीतर मशीन डिस्क बाहेर फेकतं आणि आपल्याला वाटतं ५५ हजार पाण्यात गेले. डिस्क आत ओढताना एक घर्रर्र आवाज येतो, इन्स्टॉल होईपर्यंत तो चालूच राहतो, नंतर थांबतो. गेम एकदा एसएसडीवर गेला की डिस्क फक्त ओळखपत्रासारखी लागते, तुमच्याकडे गेम खरंच आहे का एवढंच बघायला. पण लागते म्हणजे लागतेच. खेळायच्या प्रत्येक वेळी उठून डिस्क बदलायची, ज्यांना याचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच डिजिटलकडे वळा, खरंच.

३१ पैकी ३० चालल्या. एक गेली, आणि त्यात कन्सोलचा काही दोष नाही, ती मी मागे एका सेकंडहँडवाल्याकडून न तपासता उचललेली, मागच्या बाजूला नखाला लागेल एवढा खोल ओरखडा. लेक म्हणाला, बाबा टूथपेस्ट लाव ना, यूट्यूबवर दाखवतात. तर मंडळी, ते सीडीच्या काळातलं औषध आहे. डीव्हीडीत डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, सीडीत त्याहून खोल, त्यामुळे वरचं प्लॅस्टिक थोडं घासलं तरी निभायचं. पीएस४-पीएस५च्या डिस्का ब्लू-रे असतात, त्यात तो थर अवघा ०.१ मिलिमीटरवर असतो. म्हणून तर वरून वेगळं कडक कोटिंग देतात. कोटिंगमुळे बारीकसारीक रेघा सहज पडत नाहीत पण एकदा खोल गेली की पॉलिश करायला जाल तर डेटाच घासून निघेल. वापरलेली डिस्क घेताना मोबाइलचा टॉर्च मारून तिरकी धरून बघायची, पाच सेकंदांचं काम आहे, मी ते केलं नाही, ८०० रुपये गेले.

आता जे चालतं ते का चालतं ते सांगतो. पीएस४ आणि पीएस५ दोन्हींच्या आत एएमडी कंपनीचे एकाच घराण्यातले प्रोसेसर आहेत, त्यामुळे जुन्या गेमला नवीन घरात आल्यासारखं फारसं वाटतच नाही. पीएस४चे चार हजारांवर गेम आहेत आणि २०२० मध्ये लाँचच्या वेळी सोनीने जी न चालणाऱ्यांची यादी दिली होती त्यात जेमतेम दहा नावं होती, तीही अशी की दहातली नऊ मी आयुष्यात ऐकली नव्हती. हे कौतुकाचं आहे कारण आधीच्या पिढीत याच कंपनीने उलट केलं होतं. पीएस३च्या आतली सेल नावाची चिप इतकी वेगळी, इतकी तऱ्हेवाईक होती की पीएस४ला तिची नक्कल जमणारी नव्हती, म्हणून २०१३ला पीएस४ आला तेव्हा पीएस३च्या सगळ्या डिस्का एका फटक्यात बाद. पीएस३चं स्वतःचं पण तेच, पहिल्या मॉडेल्समध्ये जुने गेम चालावेत म्हणून पीएस२च्या चिपाच आत बसवल्या होत्या, मग खर्च कमी करायचा म्हणून हळूहळू काढून टाकल्या. थोडक्यात जुने गेम चालणं हा आपला हक्क वगैरे काही नाही, त्या त्या वर्षी कंपनीला ते परवडलं एवढंच.

पीएस३, पीएस२, पीएस१ची डिस्क पीएस५मध्ये चालत नाही, हे स्पष्ट लिहितो कारण चार जणांनी मला विचारलंय. माझ्याकडे पीएस२ची एक डिस्क आहे, देसी अड्डा, २००९ची. सोनीने भारतासाठी मुद्दाम काढलेला गेम, त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे, पतंग काटायचा आहे. त्याच वर्षी हनुमानाचा पण एक गेम आला होता, हनुमान: बॉय वॉरियर. दोन्ही फार भारी होते असं मी म्हणणार नाही, खरं सांगायचं तर देसी अड्डातला विटीदांडू खेळण्यापेक्षा खाली मैदानात जाऊन विटी हरवून आलेलं परवडलं. पण ते आपल्याकडे बनलेले गेम आहेत. हैदराबादच्या पोरांनी बनवलेले. आणि पीएस५च्या दृष्टीने ती डिस्क म्हणजे चहाची बशी. शिवाय त्या काळात आपल्याकडे बहुतेक सगळ्यांचे पीएस२ नकली डिस्का चालवणारी चिप टाकलेले असायचे, शंभर-दीडशेला कागदी पाकिटातली कॉपी मिळायची, ओरिजिनल डिस्क घेणाऱ्याला लोक हसायचे. मी पण हसलेलो आहे. त्यामुळे जुनं जपलं पाहिजे हे मी कुठल्या तोंडाने म्हणतोय हे मला माहीत आहे.

असो. जे चालतं ते कसं चालतं ते बघू. घोस्ट ऑफ त्सुशिमा, डेज गॉन, २०१८चा गॉड ऑफ वॉर, या तिन्हींच्या पीएस४च्याच डिस्का टाकल्या आणि तिन्ही ६० फ्रेम्सवर (सेकंदाला ६० चित्रं, जितकी जास्त तितकी हालचाल गुळगुळीत) पळतात, एक रुपया जास्त न देता. पीएस४वर यातला एकेक गेम सुरू व्हायला लागायचा तेवढ्या वेळात मी गॅसवर चहाचं आधण ठेवून यायचो, आता रिमोट खाली ठेवेपर्यंत घोडा समोर उभा. ब्लडबोर्न मात्र जिथल्या तिथे, ३० फ्रेम्स, कारण त्याला बनवणाऱ्यांनी नवीन पॅच, म्हणजे सुधारणेचं अपडेट, दिला नाही. म्हणजे नवीन कन्सोल ताकद देतो, पण गेममध्येच ३०चं कुलूप असेल तर ते उघडायला मूळ माणसंच लागतात. रेड डेड रिडेम्पशन २चं पण तसंच, ३०च. त्याच्या दोन डिस्का आहेत, एक डेटाची आणि एक खेळायची, डेटाची एकदा टाकून झाली की कपाटात, खेळायची कायम लागणार. लेकाने बरोब्बर खेळायची डिस्क डेटाच्या डब्यात ठेवली होती आणि आम्ही रविवारची अख्खी सकाळ ती शोधत होतो, सोफ्याखालीसुद्धा.

फटीचा सगळ्यात मोठा फायदा मला विचर ३ या गेममध्ये कळला. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्याचं पीएस५साठी वेगळं व्हर्जन आलं, जुन्या मालकांना चकटफू. माझ्याकडे पीएस४ची डिस्क, टाकली, मेन्यूत तीन टिंबं दिसतात तिथे जाऊन पीएस५ व्हर्जन निवडलं, डाउनलोड झालं. हीच डिस्क डिजिटलवाल्याकडे असती तर तो काय करणार होता? डिस्क दाखवायला फटच नाही, म्हणजे गेम परत विकत घ्या. हे अनेकांच्या लक्षात घेताना येत नाही, की पीएस४वर तुमच्या सगळ्या डिस्का असतील आणि तुम्ही डिजिटल कन्सोल घेतलात तर जुने गेम चालण्याची सोय तुमच्यासाठी जवळपास शून्य आहे. हा, स्लिमला फट नंतर विकत घेऊन लावता येते, ड्राइव्हचा तुकडा वेगळा मिळतो, खटकन बसतो. पण तो पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, इंटरनेटवर त्या कन्सोलशी त्याचं लग्न लावावं लागतं. डिस्क वाचायच्या यंत्राला नेटची परवानगी, गंमतच आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल हा माणूस डिस्कचा भक्त दिसतोय. थांबा जरा. आता ड्राइव्हक्लबची गोष्ट सांगतो.

ड्राइव्हक्लब हा २०१४चा गाड्यांचा गेम, पीएस४चा. त्यात नॉर्वे, स्कॉटलंड, चिली, कॅनडा यांच्या जोडीला आपल्या भारतातले रस्ते होते, तेव्हा मला त्याचं फार कौतुक. बनवणारा स्टुडिओ २०१६ मध्ये बंद झाला, २०१९च्या ऑगस्टअखेर गेम ऑनलाइन दुकानातून काढला, ३१ मार्च २०२०ला सर्व्हर बंद. आज तुम्हाला तो विकत घ्यायचाच असेल तर स्टोअरवर नाही, कुणाच्या तरी जुन्या डिस्कवरच. माझ्याकडे डिस्क आहे. टाकली. चालली! ऑनलाइन शर्यती नाहीत पण एकट्याने खेळायचं बरंच शिल्लक आहे, मी लगेच लेकाला म्हटलं, ये, तुला या गेममधला पाऊस दाखवतो, काचेवरचे थेंब गाडीच्या वेगाने कसे मागे सरकतात बघ. भारतातला ट्रॅक लावला. ऊन. दुसरा लावला. ऊन. सेटिंगमध्ये पावसाचा ऑप्शनच नाही. मी दोन मिनिटं स्वतःच्या आठवणीवर शंका घेतली.

मग डोक्यात उजेड पडला. पाऊस डिस्कमध्ये नाहीच. गेम आला ऑक्टोबर २०१४ला आणि पाऊस आला डिसेंबरमध्ये, अपडेटमधून. मी त्या रात्री नेट बंद ठेवून डिस्का तपासत होतो त्यामुळे मला मिळाला तो पहिल्या दिवसाचा, कोरडा गेम. नेट चालू केलं, अपडेट उतरलं, आणि मग आला बाबा पाऊस, काचेवर थेंब, वायपरची खरखर, लेक म्हणाला हे तर आपल्या घाटासारखं आहे. छान वाटलं. पण त्या रात्री झोपताना तेच डोक्यात. गेम माझा, डिस्क माझी, आणि पाऊस कुठल्या तरी सर्व्हरवर. जोपर्यंत तो सर्व्हर अपडेट देतोय तोपर्यंत माझ्याकडे पावसाळा आहे.

तर माझं मत झालंय ते हे, की डिस्क म्हणजे अर्धा गेम. कधी पाऊण, कधी पावशेर. कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २, २०२२चा, त्याच्या पीएस५ डिस्कवर सत्तर-पंच्याहत्तर एमबी डेटा होता, बाकी सगळं डाउनलोड. ज्या डिस्कवर १०० जीबी मावतं तिच्यावर लग्नाच्या फोटोंच्या एका फोल्डरएवढा माल. हे म्हणजे मिठाईचा किलोचा पुडा उघडावा आणि आत एक बत्तासा निघावा. आणि द क्रू, युबिसॉफ्ट कंपनीचा गेम, तोही २०१४चाच. तो एकट्याने खेळला तरी सर्व्हर लागायचाच, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाले, डिजिटलवाले, सगळे एकाच रांगेत बाहेर. त्याच प्रकरणावरून युरोपात गेम बंद पाडू नका म्हणून चळवळ उभी राहिली, दहा लाखांवर सह्या झाल्या. त्यामुळे डिस्क घेतली म्हणजे मालक झालो, हे अर्धवट खरं आहे. माझ्या एका मित्राने तर डबा घेतला, आत डिस्कच नाही, कोडचा कागद. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. दुकानदार म्हणाला, वाचायचं ना. बरोबर आहे, पण गेमचा डबा आणि आत गेम नाही हे वाचून बघावं असं कुणाच्या डोक्यात येईल?

डिजिटलचंही चांगलं सांगतो, कारण माझ्याकडे आता डिजिटल गेम पण वीस-बावीस झालेत, सगळे सेलमधले. रात्री अकराला वाटलं हा गेम हवा, पंधरा मिनिटांत... पंधरा नाही, आमच्या नेटवर तासाभरात हजर. उठायचं नाही, डिस्क बदलायची नाही, पोराच्या हाताचे चिवड्याचे डाग डिस्कवर येण्याची भीती नाही. सेलला सत्तर-पंच्याहत्तर टक्के उतरतं तेव्हा नवीन डिस्कपेक्षा निश्चित स्वस्त. शिवाय एका घरात दोन कन्सोल असतील तर एकाच खरेदीत दोघांचं भागतं, माझा आतेभाऊ आणि त्याचा भाऊ दोघं असंच करतात. फक्त ते इन्स्टावर अर्ध्या किमतीत प्रायमरी अकाउंट, सेकंडरी अकाउंट म्हणून जे विकतात ना, त्या वाटेला जाऊ नका. एक तर ते नियमात बसत नाही आणि दुसरं म्हणजे विकणारा पासवर्ड बदलून कधी पळेल सांगता येत नाही. ऑफिसमधला एकजण असा साडेतीन हजारांना बुडालाय, तक्रार कुणाकडे करणार.

आणि डिजिटलची दुकानं बंद होतात, हे गृहीत धरून चाला. निन्टेंडो कंपनीच्या ३डीएस आणि वी यू या कन्सोलचं स्टोअर २७ मार्च २०२३ला गेलं, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ला. पीएस३ आणि व्हिटाचं (सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल) स्टोअर तर २०२१ मध्ये बंद करतो म्हणून सोनीने जाहीर केलं होतं, लोकांनी बोंब मारली, मग तीनेक आठवड्यांत माघार. घेतलेले गेम साधारणपणे परत उतरवता येतात, पण नवीन घेता येत नाहीत, आणि ते साधारणपणे किती वर्षं टिकेल हे त्यांच्या मर्जीवर. माझा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात आहे, तिथे १ जानेवारी २०२५पासून कायदाच झाला की डिजिटल विकताना तुम्ही परवाना घेताय, वस्तू नाही, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं. तो म्हणतो आता ते वाचतो आणि तरीही 'बाय'चं बटण दाबतो. आपण सगळेच दाबतो.

त्याच भावाने निन्टेंडोचा स्विच २ घेतलाय. त्याच्यात जुने स्विचचे बहुतेक सगळे गेम चालतात, पण नवीन काही गेम की-कार्डवर येतात, म्हणजे कार्टरिज आहे, हातात धरता येतं, आत गेम नाही, फक्त किल्ली. गेम डाउनलोड करा आणि वर खेळताना कार्डही खुपसून ठेवा. दोन्हीकडचे तोटे एका जागी आणून दिलेत, याला डोकं लागतं.

एक्सबॉक्सवाल्यांचं मात्र मला मनापासून कौतुक आहे आणि हे मी प्लेस्टेशनवाला असून लिहितोय. पुण्याचा एक मित्र, त्याच्याकडे एक्सबॉक्सचं नवं मॉडेल, सिरीज एक्स. त्याने ३६०ची तेरा वर्षं जुनी डिस्क टाकली आणि गेम चालला, वर सावरून-सजवून, जास्त स्वच्छ चित्रात. सगळ्या चालत नाहीत, ठरावीक यादी आहे, नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची ७६ गेम्सची भर घातली आणि तिथे थांबले. पण मूळ एक्सबॉक्सपासून चार पिढ्यांचे गेम एका डब्यात, हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. त्यातही गंमत अशी की ३६०ची डिस्क टाकली तरी गेम डिस्कवरून येत नाही, नेटवरून येतो, डिस्क नुसती किल्ली. म्हणजे फिरून परत सर्व्हरच. तरी फोर्झा होरायझन ४ बघा, गाड्यांचे आणि गाण्यांचे करार संपले म्हणून १५ डिसेंबर २०२४ला दुकानातून गेला, पण ज्याच्याकडे डिस्क आहे तो आजही दुसऱ्याला देऊ शकतो. सिरीज एस या धाकट्या मॉडेलला फटच नाही, त्यामुळे ही सगळी मजा फक्त एक्सवाल्यांना.

थोडं जागेबद्दल. पीएस४चे गेम बाहेरच्या साध्या यूएसबी हार्ड डिस्कवरून थेट चालतात. माझ्या पीएस४ला लावलेली २ टीबीची हार्ड डिस्क होती, तीच काढून पीएस५ला लावली, सगळे गेम आपोआप दिसले, परत इन्स्टॉलची भानगड नाही. पीएस५चे गेम मात्र तिथे फक्त ठेवता येतात, खेळायला आतच आणावे लागतात. तेव्हा एसएसडी पीएस५च्या गेमसाठी मोकळी ठेवा, जुनं सगळं बाहेर. सेव्हचं, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो त्या नोंदीचं, पण तसंच आहे, पीएस४ची सेव्ह पेनड्राइव्हवर घालून पीएस५मध्ये आणता येते, पण पीएस५च्या गेमची सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येत नाही, त्याला प्लेस्टेशन प्लस या वर्गणीतलं पैसेवालं क्लाउडच. दीडशे तासांची मेहनत स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायची सोय नाही, ही मला या अख्ख्या मशीनमधली सगळ्यात कद्रू गोष्ट वाटते, डिस्क-डिजिटलपेक्षाही. जुना ड्युअलशॉक ४ कंट्रोलर पण पीएस४च्या गेमपुरताच चालतो, फेकू नका, पाहुण्या पोरांना द्यायला बरा.

आता दहा हजारांचा हिशेब. मी कन्सोल घेतला तेव्हा पीएस५चा मोठा नवीन गेम आपल्याकडे ४,९९९ला यायचा. मी नवीन घेतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात किंवा ओळखीतून वापरलेली डिस्क उचलतो, गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक २,००० ला घेतला, दोन महिने खेळलो, १,६०० ला विकला. चारशे रुपयांत साठ तास. स्पायडर-मॅन २ शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाकडून महिनाभर आणला, बदल्यात त्याला माझा त्सुशिमा दिला, शून्य रुपये. असं दीड वर्षात नऊ डिस्का आल्या, सहा गेल्या, आणि डिजिटलवर तेच गेम सेलमध्ये धरले तरी माझे दहा हजार कधीच वसूल झालेत. आपल्याकडे डिस्क ही ठेवायची वस्तू कमी आणि फिरवायची जास्त आहे, लग्नात आलेल्या पाकिटासारखी. वापरलेली घेताना एक बघा, डिस्क कुठल्या रिजनची, म्हणजे जगाच्या कुठल्या भागासाठी काढलेली आहे. भारतातलं अकाउंट युरोपच्या गटात येतं, अमेरिकेहून कुणी आणलेली डिस्क चालेल, पण तिच्यासाठी इथून एक्स्ट्रा मिशन वगैरे विकत घेतलीत तर ती त्या डिस्कला लागत नाहीत. मला हे ज्याने डिस्क विकली त्याने सांगितलं नव्हतं, आणि मी तर पैसे भरून बसलो होतो.

पीएस५ प्रो या जास्त ताकदीच्या मॉडेलबद्दल विचारणाऱ्यांना, २०२४ला आला तेव्हा त्याच्या वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यामुळे भारताला वगळलं होतं आणि तसाही त्यात फट नाही, वेगळी घ्यावी लागते. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. ज्यांच्याकडे एकही जुनी डिस्क नाही, ज्यांच्या ओळखीत कुणी खेळत नाही आणि वर्षाला दोनच गेम होतात, त्यांनी डिजिटल घ्या, वाचलेल्या पैशांत सेलचे गेम येतील. बाकी सगळ्यांनी फटवाला. आणि जुना पीएस३ भंगारात देऊ नका, माझा टीव्हीखाली तसाच आहे, बायकोच्या मते शोपीस.

जाता जाता द लास्ट गार्डियन. २०१६चा गेम, एक मुलगा आणि एक भलंमोठं पिसांचं जनावर, अर्धं मांजर अर्धा पक्षी, नाव ट्रिको. यात ड्राइव्हक्लबच्या बरोबर उलटं आहे. डिस्कवर जे पहिलं व्हर्जन आहे त्यात फ्रेम रेटला लगाम नव्हता, पीएस४ला तो झेपायचा नाही म्हणून अपडेटमध्ये ३०ला बांधून टाकला. पीएस५वर अपडेट न घेता नुसती डिस्क चालवली तर तोच गेम ६०वर पळतो, जनावराची पिसं अशी हलतात की हात लावावासा वाटतो. डिजिटलवाल्याला हे व्हर्जन मिळतच नाही, त्याला सुधारलेलंच मिळतं. मी ते नेट बंद करून जपून इन्स्टॉल केलं होतं, लेकाला दहादा बजावलं होतं की यावर अपडेट आलं तर कॅन्सल कर.

परवा ऑफिसातून आलो तर हा ट्रिकोला गोंजारत बसलाय आणि चित्र अडखळतंय. म्हटलं काय केलंस? म्हणाला, बाबा काही नाही, अपडेट मागत होता, देऊन टाकलं. आता गेम डिलीट करायचा, वायफाय बंद करायचं, डिस्क परत टाकायची. डिस्क कुठे आहे ते मात्र त्याला आठवत नाहीये.